पोटात आतडी चिकटतात तेव्हा

पोटाचे ऑपरेशन झालेली माणसे आता प्रत्येक गावात आहेत. कुणाचे अपेंडिक्स काढले आहे. कुणा बाईचे सिझर झाले आहे. कुणाची गर्भपिशवी काढली आहे. टाके निघाले की माणूस म्हणतो, "सुटलो एकदाचा!" बहुतेक जण खरेच सुटतात. पण काहींच्या पोटात पुढे कळ उठते. दोन वर्षांनी उठते, दहा वर्षांनीही उठते. मग घरातले म्हणतात, पोट चोळा. चोळावे की नाही? आज तेच पाहू.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या भावजयीच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनला सहा वर्षे झाली होती. एके रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. कळ यायची, थांबायची, पुन्हा यायची. हिरवी उलटी झाली. पोट नगाऱ्यासारखे फुगले. शेजारची म्हातारी म्हणाली, "बेंबी सरकली हिची. चोळा, आन् एरंडेल पाजा." आम्ही इतकी वर्षे मुलांना आरोग्याचा धडा शिकवला. पण त्या रात्री आम्हीही मान डोलावली. पोट चोळले. एरंडेल पाजले. कळा दुप्पट झाल्या. शौचाला तर नाहीच, वारासुद्धा सरेना.

पहाटे तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालंय का?"

आम्ही म्हणालो, "झालंय, पण त्याला सहा वर्षं झाली."

ते म्हणाले, "सहा असोत की सोळा, गुरुजी. आतडं अडकलंय."

आता हे आतडे अडकते कसे? आपले लहान आतडे सुमारे २० फूट लांब असते. एवढे आतडे पोटात गुंडाळी करून बसते. त्याच्यावर आणि पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ, ओले, गुळगुळीत अस्तर असते. म्हणून आतडी एकमेकांवरून मासोळीसारखी सरकतात. ऑपरेशनात या अस्तराला हात लागतो, ते थोडे खरवडते, वाळते. रक्ताचे थेंब राहतात. मग शरीर तिथे चिकट जाळे विणते. हातावरच्या जखमेवर खपली धरते, तसेच हे. हे जाळे काही दिवसांत विरघळले तर ठीक. न विरघळले तर आठवडाभरात त्याचे घट्ट धागे होतात. गरम पोळ्या एकीवर एक ठेवल्या की चिकटतात, तशी मग आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात.

भिऊ नका. पोट उघडून ऑपरेशन केलेल्या १०० माणसांत ९० च्या आसपास लोकांना थोडेफार असे चिकटलेले असते. त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही. दुर्बिणीतून ऑपरेशन केले तर चिकटणे कमी होते. पण एखादा धागा आतड्याला पीळ घालतो. रबरी पाइप मुडपला की मळ्यात पाणी जात नाही. तसेच आतड्यात अन्न आणि वारा अडतो.

मग धागे कापून का टाकत नाहीत? कापतात, वेळ आली तर कापावेच लागतात. पण ते कापायला पोट पुन्हा उघडावे लागते, आणि उघडले की नवे धागे धरू शकतात. म्हणून पुष्कळदा डॉक्टर आधी वाट पाहतात. भावजयीच्या नाकातून पोटात नळी घातली, सलाईन लावले, तोंडाने सारे बंद केले. तिसऱ्या दिवशी वारा सरला. वारा सरला म्हणून घरात साखर वाटलेली आम्ही जन्मात पहिल्यांदाच पाहिली!

आता चोळण्याचे. फिजिओथेरपी म्हणजे व्यायामाने आणि हाताने करायचा उपचार. २०१२ साली उंदरांवरचा एक प्रयोग छापून आला. ऑपरेशननंतर ज्या उंदरांची पोटे बोटांनी हलकेच हलवली, त्यांच्यात चिकटणे कमी आढळले. काही माणसांनाही अशा उपचाराने आराम पडल्याचे डॉक्टरांनी लिहिले आहे. पण माणसांबाबतचा पुरावा अजून थोडा आहे. हाताने सगळे धागे तोडून देतो असे कुणी छातीठोक सांगू लागला, तर पैसे खिशातच ठेवा.

मात्र व्यायामाचे डॉक्टर पुष्कळ काही शिकवतात. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी देताच, बहुधा दुसऱ्याच दिवशी, उठून चार पावले चालायचे. पूर्वी रुग्णाला दोन-तीन आठवडे पाठीवर निजवून ठेवत. चालण्याने रक्त गोठत नाही, छातीत कफ साचत नाही, आतडी लवकर जागी होतात. पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायचा. वाकून चालायची सवय लागू द्यायची नाही. टाक्याची जागा पुरती भरली, सुमारे सहा आठवडे झाले, की डॉक्टरांना विचारून त्या जागेवर बोटांनी हलके चोळायचे. थोडे खोबरेल घेतले तरी चालते. कातडी सैल होते, ओढ कमी होते. तोवर भरलेला हंडा नाही, गवताचा भारा नाही. सासूबाईंनी हे दोनदा वाचावे.

हे सारे पोट शांत असतानाचे. कळा येताहेत, उलट्या होताहेत, पोट फुगले आहे, वारा सरत नाही, अशा वेळी पोटाला हात लावू नका. एरंडेल नको, जुलाब नको, डाग तर मुळीच नको. खायला-प्यायला देऊ नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. पिळलेल्या आतड्याचे रक्त थांबले तर ते काही तासांत कुजू लागते.

दवाखान्यात पोचल्यावर जुन्या ऑपरेशनचे आधी सांगा. भावजयीने आपला ऑपरेशनचा कागद आता रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवला आहे.