तण आणि ओळख : तणनियंत्रणाच्या रीतींचा एक विचार

‘तण’ हा शब्द वनस्पतिशास्त्राचा नव्हे. तो संस्कृत ‘तृण’ या शब्दापासून आला असला, तरी आज शेतकरी ज्याला तण म्हणतो त्यात गवताखेरीज रुंद पानांच्या आणि वेलवर्गातील कितीतरी वनस्पती येतात. उलट, ज्वारी हे धान्य खरे. परंतु मागील हंगामात गळलेल्या दाण्यांतून ती कापसाच्या शेतात उगवली की तिची गणना तणातच होते. तण ठरते ते पिकाच्या संबंधाने. त्यामुळे तण नाहीसे करण्याच्या प्रत्येक रीतीस आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : शेतात जे उगवले आहे त्यातील पीक कोणते आणि तण कोणते, हे ओळखावयाचे कशावरून?

पेरणीपूर्वीच्या मशागतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. त्या वेळी शेतात पीक नसते. जे हिरवे दिसेल ते सर्व तणच. देशावरचा कुळव आणि विदर्भ-खानदेशातील वखर यांची पास जमिनीखालून सरकते आणि कोवळे अंकुर मुळाशी कापले जातात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्या उष्णतेने वरच्या थरातील तणाचे बीही पुष्कळसे जळते. मात्र हराळी, लव्हाळा आणि काळ्या जमिनीतील कुंदा यांच्यापुढे ही रीत लंगडी पडते. त्यांचे जीवन जमिनीखालच्या खोडांत व गाठींत असते, आणि अवजाराने केलेल्या प्रत्येक तुकड्यातून, त्याला डोळा असला म्हणजे, नवे झाड उभे राहू शकते. उन्हाळ्यात खोल नांगरून वर आलेल्या काशा वेचून काढल्या नाहीत, तर नांगरट ही त्यांची लागवडच ठरते.

पीक उगवल्यानंतर खरा प्रश्न सुरू होतो. खरिपाच्या बहुतेक पिकांत पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक असतात. त्या काळात तणाने पाणी, अन्न आणि प्रकाश हिरावून घेतला तर पुढे केलेली स्वच्छता ते नुकसान भरून काढीत नाही. या काळासाठी मराठीत दोन वेगळ्या क्रियांची नावे आहेत आणि ती एकमेकींचे पर्याय नव्हेत. कोळपणी, विदर्भातील डवरणी, ही बैलांकडून होते. तिफणीने दोन ओळींत जे अंतर राखले त्या मापाचे कोळपे उभ्या पिकातून चालते; बैलांना मुसकी घातलेली असतात. कोळप्याला वनस्पती ओळखता येत नाही. ते केवळ जागा ओळखते. ओळीत आहे ते पीक, ओळीबाहेर आहे ते तण, एवढाच त्याचा न्याय. म्हणूनच चौफुलीवर लावलेल्या कापसात उभी व आडवी अशी दोन्ही अंगांनी डवरणी करता येते आणि ओळीतलेही बरेच तण त्या न्यायाच्या कक्षेत येते.

तरीही झाडाला खेटून उगवलेले तण उरतेच. तेथे निंदणी करावी लागते. तिलाच पश्चिम महाराष्ट्रात भांगलण म्हणतात, आणि अवजारावरून खुरपणी. ‘निंदणे’ या क्रियापदाचे नाते ‘निंदा’ या शब्दाशी जोडण्याचा मोह होतो; परंतु अर्थाने ते कापून वेगळे करणे या अर्थाच्या ‘निर्दा’ या धातूच्या जवळ आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात प्रजेचे रक्षण करणाऱ्या राजास ‘निर्दाता’ची, म्हणजे निंदणाऱ्याची, उपमा दिली आहे. ‘खुरपे’ हा शब्द तर ‘क्षुरप्र’ या शब्दाचे सरळ अपत्य. निंदणीत ओळख पटवितो तो डोळा, आणि आपल्याकडे तो बहुधा स्त्रीमजुराचा असतो. भातात उगवणारे सावेवर्गातील गवत कोवळेपणी भातासारखेच दिसते. पान जेथे देठावर टेकते तेथे भाताला पातळ जिभिका असते, त्या गवताला ती नसते. हे ज्ञान मजुरीच्या हिशेबात कोठेच धरले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

डोळ्याने केलेल्या या निवडीला एक अनपेक्षित फळ येते. जे तण पिकाहून वेगळे दिसते ते उपटले जाते. जे सारखे दिसते ते वाचते आणि त्याचेच बी पडते. पिढ्यान्‌पिढ्या असे होत राहिले की तण पिकाचे सोंग घेऊ लागते. या प्रकारास रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह याचे नाव देण्यात आले आहे.

रासायनिक तणनाशकांचा न्याय आणखी निराळा. ‘तणनाशक’ हे नाव ऐकून द्रव्याला तण कळते असा समज होतो. वस्तुतः त्याला कळतो तो वनस्पतीचा शरीरधर्म. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेले २,४-डी मुख्यतः रुंद पानांच्या वनस्पती मारते. म्हणून ज्वारी-मक्यात ते चालते, परंतु वाऱ्याने शेजारच्या कापसावर गेले तर कापूसही त्याच्या लेखी तणच. मका अॅट्राझीन पचवून निर्विष करतो, तूर-मूग ते करीत नाहीत. मिश्रपिकाच्या शेतात हा भेद विसरणे महागात पडते. परिभाषेनेही येथे घोटाळा केला आहे. ‘उगवणीपूर्व’ फवारणी म्हणताना उगवण कोणाची हे सांगितले जात नाही. सोयाबीनमध्ये ती पीक व तण या दोहोंची असते. लावणीच्या भातात पीक केव्हाच उभे असते, तेथे केवळ तणाची. नियम करणाऱ्यांनी षष्ठीचा एक प्रत्यय अधिक खर्च केला असता तर बरे झाले असते.

आणि सोंगाचा प्रकार येथेही चुकत नाही. हरियाणातील गव्हात वाढणारा गुल्लीडंडा फुलोऱ्यापर्यंत गव्हापासून ओळखणे कठीण, म्हणून तेथे आयसोप्रोट्युरॉनचा आश्रय घेण्यात आला. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच त्या औषधाला न जुमानणारा गुल्लीडंडा आढळला. गहू ज्या रीतीने ते द्रव्य निर्विष करतो तशाच रीतीने हे तणही करू लागले होते. पूर्वी रूप सारखे होते, आता पचनही.

ज्वारीवरील टारफुल्याने मात्र हा सारा प्रश्नच उलटा केला आहे. येथे ओळखणारे तण आहे. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत अनेक वर्षे पडून राहते आणि यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य लागल्यावाचून सहसा रुजत नाही. रुजल्यावर ते मुळाला चिकटून जमिनीखालीच अन्न शोषू लागते. त्याचे रोप वर दिसेपर्यंत नुकसान बरेचसे होऊन गेलेले असते, त्यामुळे खुरपे उशिरा पोहोचते. ते बी फुलावर येण्यापूर्वी उपटण्याचा उपयोग पुढच्या हंगामापुरता. परंतु १९६६ मध्ये असे एक उत्तेजक द्रव्य कापसाच्या मुळांतून वेगळे करण्यात आले, आणि कापूस तर टारफुल्याचा यजमान नव्हे. कापसाच्या शेतात ते बी ज्वारी समजून रुजते, चिकटावयास योग्य मूळ त्याला मिळत नाही, आणि काही दिवसांत मरते. ज्वारीला कापसाचा बेवड चांगला, असे म्हणताना शेतकऱ्याच्या मनात जमिनीचा कस असेल. त्या बेवडात तणाची ही फसगतही सामावलेली आहे.