जुना बेस घेताय? आधी पिकगार्डखाली बघा

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना मधे मधे बेस वाजवून दाखवलाय, तो इथे येणार नाही. तेवढ्यासाठी हेडफोन लावा.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. ऑनसाइटला न्यू जर्सीत होतो तेव्हा मी १९७८चा एक फेंडर प्रिसिजन बेस घेतला. विकणारे सत्तरीतले एक आजोबा होते, तरुणपणी लग्नांमध्ये बँडबरोबर वाजवायचे. त्यांनी बेसचा मूळ ब्रिज, म्हणजे तारा जिथे खाली अडकवतात तो धातूचा भाग, काढून बॅडअ‍ॅसचा जाडजूड ब्रिज लावला होता. केस उघडली तर कोपऱ्यात एक प्लास्टिकची पिशवी. आत मूळ ब्रिज आणि त्याचे पाचच्या पाच स्क्रू. इतकी वर्षं सांभाळलेले! मला आमच्या आजीची आठवण आली. तिलाही काही म्हणून टाकवत नाही.

घरी आणला, तर व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खर्रर्र आवाज. मी पडलो इंजिनिअर. सोल्डरिंग आयर्न गरम केली, दोन्ही पॉट आणि कपॅसिटर उपटले, नवे चकचकीत बसवले आणि जुने कचऱ्यात टाकले. वर्षभरानं परत यायची वेळ आली, तेव्हा विकून टाकू म्हणून एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं पिकगार्ड उघडलं, आत बघितलं आणि फोटोवरून जो भाव सांगितला होता त्यातून सरळ तीनशे डॉलर कमी केले. वर शांतपणे म्हणाला, खरखर तर कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यानं गेली असती.

दोन-चारशे रुपयांच्या पार्टसाठी तीनशे डॉलर? मलाही तेव्हा राग आला होता. पण त्याचं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते कळलं की जुन्या बेसचा अख्खा बाजार कळतो.

त्या पॉटवर एक नंबर छापलेला असतो. समजा १३७७८२२. पहिले तीन आकडे कंपनीचे, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, ७८. शेवटचे दोन आठवड्याचे, बाविसावा. म्हणजे हा पॉट १९७८च्या मे-जूनमध्ये बनला, आणि तो फॅक्टरीत बसवलेला असेल तर बेस त्याच्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा मात्र असू शकतो. फेंडरनं १९६६मध्ये पॉटचा एवढा मोठा साठा घेऊन ठेवला होता की साठच्या दशकाच्या शेवटी बनलेल्या गिटारींमध्येही ६६चे पॉट सापडतात. तर पॉट हा एक साक्षीदार. नेकच्या बुडाशी असलेला शिक्का किंवा पेन्सिलीनं लिहिलेली तारीख हा दुसरा. सीरियल नंबर तिसरा, पण त्याच्यावर फार भरवसा नको. आधी तो मागच्या स्टीलच्या प्लेटवर असायचा, आणि प्लेट काय, चार स्क्रू काढले की बदलते. १९७६पासून नंबर हेडस्टॉकवर आला. सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत का, हे बघायचं. मी त्यातल्या दोघांना कचऱ्यात टाकलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तसाच चालत होता, पण गिट हिस्टरी मी डिलीट केली होती.

आता एवढी किंमत कशाची? १९५१मध्ये लिओ फेंडरनं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये प्रिसिजन बेस काढला. त्याआधी बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभा धरायचा लाकडी धूड. फेंडरनं तो गळ्यात अडकवण्याएवढा केला, फ्रेट लावले, नाव ठेवलं ‘प्रिसिजन’, कारण बोट जिथे दाबाल तिथे सूर नेमका. १९५७मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप आला, तो आजही तसाच आहे. १९६०मध्ये जॅझ बेस आला. आणि १९६५मध्ये सीबीएसनं कंपनी १.३ कोटी डॉलरला विकत घेतली. बाजारानं तिथे एक रेघ मारून ठेवलीय: प्री-सीबीएस आणि नंतरचं. सुरुवातीच्या, एकावर एक नॉब असलेल्या जॅझ बेसला आज वीस हजार डॉलरच्या वर सहज मागतात. त्यात दर्जा किती आणि रेघेचं कौतुक किती, यावर कुठल्याही दोन बेसिस्टचं भांडण लावता येईल. माझं मत विचाराल तर अर्धं अर्धं.

एवढे पैसे आले की लबाडी आलीच. एका बेसची बॉडी, दुसऱ्याचा नेक, नवा छापलेला लोगो, झाला ‘१९६४चा’. म्हणून फोटो मागताना समोरून काढलेला देखणा फोटो नको. नेक सोडवून त्याचं बूड, तो बसतो ती खाच, पिकगार्डखालची बाजू, पिकअपची खालची बाजू आणि सोल्डरचे जोड, हे मागा. विकणारा ‘उघडता येत नाही’ म्हणाला तर पुढे चला. चार स्क्रू तर असतात! जुन्या नायट्रो लॅकरवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की तो पिवळट-हिरवा चमकतो, आणि नंतर लावलेला रंग वेगळा, बहुतेक काळपट दिसतो. पूर्ण बेस पुन्हा रंगवलेला असेल तर किंमत साधारण निम्मी, हा बाजाराचा ठोकताळा. नवा रंग जुन्यापेक्षा कितीही सुंदर असू दे.

अजून एक गोष्ट, लाकडाची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे रोजवुड फिंगरबोर्ड बहुतेक ब्राझिलियन रोजवुडचे. ते लाकूड १९९२पासून साइट्स कराराच्या सर्वात कडक यादीत आहे, त्यामुळे असा बेस विकून देशाबाहेर पाठवायचा तर परवाना लागतो. त्यानंतर फेंडरनं वापरलं भारतीय रोजवुड. म्हणजे आपला शिसव हो, आजीच्या कपाटाचा! त्याच्या तयार वाद्यांना २०१९मध्ये या नियमातून सूट मिळाली.

आता मॉडिफिकेशन. माझी एकच चाचणी आहे: हे परत पहिल्यासारखं करता येईल का? आजोबांचा ब्रिज मूळच्याच पाच भोकांत बसला होता, म्हणजे रिव्हर्ट पाच मिनिटांत. पिकअप बदलला पण जुना ठेवला, तरी चालतं. पण दुसरा पिकअप बसवायला बॉडीत राउटरनं खड्डा खोदला, की संपलं. सत्तरच्या दशकात लोकांनी सर्रास असे खड्डे खोदले, कारण तेव्हा ते बेस व्हिंटेज नव्हतेच, नुसते सेकंडहँड होते. कंपनी पिकअपवर आणि ब्रिजवर क्रोमची झाकणं लावून द्यायची, ती वाजवणाऱ्यांनी आल्या आल्या काढून फेकली. आज तीच झाकणं वेगळी विकली जातात.

आणि गंमत बघा. जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध बेस या चाचणीत सपशेल नापास होतो. जॅको पास्टोरियसचा १९६२चा जॅझ बेस. फ्रेट उपटलेले, खाचा भरलेल्या, वरून बोटींना लावतात ते इपॉक्सी. आज कुणी ६२च्या बेसचं असं केलं तर लोक मारायला धावतील. पण त्या इपॉक्सीशिवाय जॅकोचा तो गाणारा आवाज नाही. १९८६मध्ये तो बेस चोरीला गेला आणि वीसेक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सापडला. मार्कस मिलरच्या १९७७च्या जॅझ बेसमध्येही रॉजर सॅडोस्कीनं प्रीअँप घातला, आणि आपण मार्कसचा आवाज म्हणतो तो त्याच बदललेल्या बेसचा.

म्हणून मी बदलांच्या विरोधात नाही. उलट आपल्यासारख्या पगारदारांनी शोधावं ते हेच: आधीच कुणीतरी खोदलेला, रंगवलेला, पण नेक सरळ असलेला जुना बेस. त्याला ‘प्लेयर ग्रेड’ म्हणतात. कलेक्टर त्याच्याकडे बघत नाही, त्यामुळे किंमत जमिनीवर असते, आणि आणखी एक भोक पाडलं तरी झोप उडत नाही. दुसरा रस्ता जपानचा. १९८२मध्ये फेंडर जपान सुरू झालं, आणि जेव्ही सीरियलचे ते पहिले बेस इतके नीट बनलेत की अमेरिकन सत्तरीच्या कितीतरी बेसना लाजवतील. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हिशोब करा. नुसत्या किमतीवर खूश होऊन ऑर्डर दिली की कुरिअरवाला दारात रडवतो.

विकताना? काय काय बदललंय ते स्वतःहून, फोटोसकट लिहा. घेणारा उघडून बघणारच आहे. तेव्हा सापडलं तर एका पॉटमुळे सगळ्या बेसवरचा विश्वास जातो, आणि मग भाव तीनशेनं नाही, हजारानं उतरतो.

माझा बेस शेवटी मी विकला नाही. तीनशे डॉलरचा राग म्हणा, काही म्हणा. तो आता पुण्यात आहे. पावसाळ्यात हवा दमट झाली की नेक थोडा वाकतो, तारा वर येतात, आणि या मॉडेलचा ट्रस रॉड फिरवायला नेकच काढावा लागतो. दर जुलैत चार स्क्रू सोडवतो, शिक्का बघतो, पाव फेरा देतो, परत बसवतो. मागच्या वर्षी पिकअपही बदलला, दोन तुकड्यांचाच, त्याच खाचेत बसणारा. जुना आजोबांच्या पिशवीत ठेवलाय, त्यांच्या ब्रिजशेजारी.