लेबलवर ‘१०० सी’, पण गाडी दोन मिनिटांत मंद? आरसी कारच्या लिपो बॅटरीचा खरा दम असा तपासतात

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मोटर, चार्जर किंवा सोल्डरिंग गन शोधत येणारा माणूस अजूनही लॅमिंग्टन रोडच म्हणतो. गिरगाव, परळ, लालबागमधल्या कुणाला रिमोटची गाडी सुसाट पळवायचा नाद लागला, की त्याचे पाय कधी ना कधी इकडे वळतातच.

समजा, समोर दोन लिपो बॅटऱ्या आहेत. दोन्ही ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच. एकीवर ‘५० सी’ छापलंय, दुसरीवर ‘१०० सी’. दुसरी महाग आहे. मग ती दुप्पट दमदार असेल का?

छापील आकड्यावरून तरी तसं म्हणता येत नाही. का, ते एका साध्या गणितात दिसतं.

‘सी’ म्हणजे बॅटरी आपल्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते, याचा दावा. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-अवर. त्याची १०० पट म्हणजे ५०० अँपिअर. ७.४ व्होल्टला ही ताकद ३७०० वॅट होते. घरातल्या १००० वॅटच्या साडेतीन इस्त्र्या एकदम चालतील एवढी, आणि तीही तळहातावर मावणाऱ्या पुड्यातून! त्या हिशेबाने बॅटरी ३६ सेकंदांत रिकामी व्हायला हवी. शिवाय या बॅटऱ्यांना अनेकदा जो पिवळा एक्सटी ६० कनेक्टर असतो, तो फार तर ६० अँपिअरसाठी बनवलेला असतो. हा आकडा कंपनीच छापते आणि तो कसा मोजला हे लेबलवर कुठेच नसतं.

मग बघायचं काय?

बॅटरीच्या आतला अडथळा, म्हणजे इंटर्नल रेझिस्टन्स. तो मिलिओहममध्ये मोजतात आणि बरेचसे हॉबी चार्जर प्रत्येक सेलचा वेगळा दाखवतात.

वर सांगितलेल्या बॅटरीत दोन सेल असतात. प्रत्येकाचा अडथळा ५ मिलिओहम धरला, तर दोघांचा मिळून १०. गाडीने एकदम ६० अँपिअर खेचले की ०.६ व्होल्ट आतल्या आत गायब होतात आणि ३६ वॅटची उष्णता तयार होते. हे चालण्यासारखं आहे.

आता तीच बॅटरी जुनी झाली आणि प्रत्येक सेलचा अडथळा १५ वर गेला असं समजा. तेवढ्याच करंटला १.८ व्होल्ट पडतात आणि उष्णता १०८ वॅट होते. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी ८.४ व्होल्टची असते. त्यातून १.८ गेले की उरतात ६.६, म्हणजे सेलमागे ३.३. गाडीचा स्पीड कंट्रोलर साधारण याच आसपास ‘बॅटरी संपली’ असं समजून मोटरची ताकद कमी करतो. बॅटरी भरलेली असते, तरी गाडी मंदावते. दोष मोटरला दिला जातो आणि कधीकधी नवी मोटर विकतही घेतली जाते!

वेगवान गाड्यांत हे जास्त जाणवतं, त्याला कारण हवा. वेग दुप्पट करायचा तर हवेला कापण्यासाठी जवळपास आठपट ताकद लागते. ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत निक केस यांनी बॅटरीवरची आरसी कार ताशी ३२५.१२ किमी वेगाने पळवून गिनीज विक्रम केला. तिथे जायला अर्थातच मोकळा, सरळ रस्ता लागतो.

मुंबईत तो आणायचा कुठून? दादरचं शिवाजी पार्क आठवेल, पण ताशी ८० किमीने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. म्हणजे क्रिकेटच्या एका पिचपेक्षा जास्त. दोन-तीन किलोची गाडी त्या वेगाने पोरांच्या खेळात घुसली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणूनच या शहरात बॅटरीची खरी परीक्षा टेबलावरच घ्यावी लागते.

टेबलावर चाचणी कशी होते?

नवी बॅटरी आणली की पूर्ण चार्ज करून प्रत्येक सेलचा अडथळा लिहून ठेवायचा. मग दर महिन्याला तोच चार्जर वापरून पुन्हा मोजायचा, कारण दोन चार्जरचे आकडे सहसा जुळत नाहीत. गरम बॅटरी कमी अडथळा दाखवते. जानेवारीतल्या सकाळचा आकडा आणि मे महिन्यातल्या दुपारचा आकडा शेजारी ठेवून उपयोग नाही, त्यामुळे तापमानही लिहायचं. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा भलताच वाढला, तर तो सेल अख्ख्या बॅटरीला मागे ओढतोय.

दुसरी चाचणी लोडची. काही हौशी लोक गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्टचे ५५ वॅट हॅलोजन बल्ब समांतर जोडतात. तीन सेलच्या बॅटरीवर असा एक बल्ब साधारण ४ अँपिअर घेतो, चार बल्ब १६-१७. बल्ब लावण्याआधीचा आणि लावल्यानंतरचा व्होल्टेज यांतला फरक म्हणजे बॅटरीची ‘धाप’. बॅलन्स वायरला लो-व्होल्टेज बझर लावायचा आणि सेलमागे ३.३ व्होल्ट आले की थांबायचं. बल्ब प्रचंड तापतात, समोरून उठून जायचं नाही.

गाडी पळवून झाल्यावर बॅटरी ६० अंशांवर तापली असेल, तर तिला झेपत नाहीये. फुगली असेल, तर प्रश्नच मिटला, ती पुन्हा चार्ज करायची नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दगावला. स्कूटरची बॅटरी कितीतरी मोठी असते, पण कुटुंब एकच, लिथियम-आयनचं. परळ-लालबागच्या चाळीत तर लाकडी जिना आणि कॉमन गॅलरी हीच बाहेर पडायची वाट. त्यामुळे चार्जर गॅलरीत दाराजवळ ठेवणं ही सगळ्यात वाईट कल्पना. गादी, पडदा, पेपरची रद्दी यांपासून लांब, लादीवर ठेवावा आणि माणूस जागा असतानाच लावावा. ५००० एमएएचला ५ अँपिअर पुरे, घाई नको. धूर दिसला तर तो श्वासात न घेता सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१ फिरवायचा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. शनिवारी रात्री बॅटरी फुल्ल करून ठेवायची, रविवारी पाऊस कोसळतो, आणि ती पुढचे दोन आठवडे तशीच भरलेली पडून राहते. यानेही अडथळा वाढतो. चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ मोड असतो, तो बॅटरी सेलमागे साधारण ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. खराब बॅटरी मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती तिथेही पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या, टोकांना इन्सुलेशन टेप लावून.