चिनी शिकायला चीनला जाताना

चीनमध्ये चिनी शिका, इंग्रजी शिकवून खर्च भागवा, अशा पैसे भरून जाण्याच्या योजनांबद्दल पालक आम्हांस विचारतात. शिकण्याबद्दल शंका नाही. एचएसके ही चिनी भाषेची परीक्षा भारतातही देता येते. अडचण शिकवण्याची. इंग्रजी शिक्षकाच्या परवान्यासाठी तेथे सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचे नागरिकत्व, पदवी व दोन वर्षांचा अनुभव मागतात. भारतीय पासपोर्टवर तो मिळणे कठीण. नुकत्याच बारावी झालेल्यांचा तर प्रश्नच नाही. पर्यटक व्हिसावर शिकवणे बेकायदा आहे. म्हणून परवाना कोण काढणार, न मिळाल्यास फी परत मिळेल का, हे आधी लेखी घ्यावे. १९१३ साली बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस पाठवले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे नोकरीची अटही करारात होती. आणि तिथे पैसे संस्थानच देत होते!