जहाज रोखणारी रेषा

जहाजाच्या बाजूवर रंगवलेल्या वर्तुळाला मधोमध छेदणारी आडवी रेषा ही त्याची भाररेषा; माल भरल्यावर ती पाण्याखाली गेली, तर जादा माल उतरवेपर्यंत सरकारी निरीक्षक जहाज बंदरातच रोखून धरू शकतात. भरभक्कम विमा उतरवलेली जुनाट जहाजे बेसुमार लादून खलाशांसह समुद्रात धाडण्याच्या प्रथेविरुद्ध ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांनी रान उठवले, तेव्हा १८७५ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडच्या अधिकाऱ्यांना असुरक्षित जहाजे अडवण्याचा अधिकार मिळाला आणि १८७६ च्या कायद्याने रेषाही सक्तीची झाली; मात्र ती कोठे काढायची हे मालकानेच ठरवायचे होते, म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि ही पळवाट बुजायला १८९० साल उजाडले.

वर्तुळाला छेदणारी रेषा उन्हाळी मर्यादा दाखवते; वर्तुळाशेजारी ऋतू आणि पाण्याची घनता यांनुसार वेगवेगळ्या रेषा असतात. उष्णकटिबंधीय रेषा उन्हाळी रेषेच्या वर, उन्हाळी ड्राफ्टच्या, म्हणजे जहाजाचा जेवढा भाग पाण्यात बुडतो त्या खोलीच्या, १/४८ अंतरावर असते. १२ मीटर ड्राफ्टला हे अंतर २५ सेंटीमीटर भरते. मान्सून ऐन भरात असताना अरबी समुद्रात एवढीही सवलत नसते, त्यामुळे उष्णकटिबंधीय रेषेपर्यंत भरून एप्रिलमध्ये मुंबईहून रीतसर निघणारे जहाज तेवढ्याच मालानिशी जुलैमध्ये अडवले जाऊ शकते.