उकिरडा फोडण्याचे दिवस

मृगाच्या आधी बदनापूर तालुक्यात उकिरडे फोडायला घेतात. मी उभा होतो तो उकिरडा एका शेतकरी काकूंच्या गोठ्यामागच्या खड्ड्यात होता. वरच्या थरात कडब्याची धसकटं जशीच्या तशी होती आणि वास नाकात जाई. काकूंनी तो थर बाजूला ओढायला लावला. "हे कच्चं हे. रानात नेलं तर हुमणी संगं जाती." हात-दीड हात खाली मात्र काळंभोर, चहापत्तीसारखं मोकळं खत लागलं. मुठीत दाबलं की गोळा होई, बोट लावलं की फुटे.

कच्च्या खताचं दुखणं हुमणीपुरतं नाही. काडीकचरा कुजवणारे जिवाणू जमिनीतला नत्र आधी स्वतःच खातात, पीक पिवळं पडतं आणि युरियाची गोणी जास्तीची लागते. कुजलेलं खतही पसरल्या दिवशीच पाळी घालून मातीआड करावं लागतं. उन्हात पडलं की त्यातला नत्र हवेत जातो.

पेरणीच्या सकाळी खतं कालवायला बांधावर ताडपत्री अंथरली होती. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरात मांडली तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या, २६ किलो युरिया आणि २० किलो पोटॅश. सुपरमधून तेलबियांना लागणारं गंधकही मिळतं. युरिया आणि सुपर आदल्या रात्री एकत्र केलं तर सकाळी चिकट लगदा होतो, म्हणून कालवाकालव ऐन वेळी. रायझोबियम चोळलेलं बियाणं सावलीत वेगळं सुकत होतं, त्याला खताचा हात लागू दिला नाही. पेरणी यंत्राच्या एका पेटीत बी, दुसऱ्या पेटीत खत.

इथली काळी जमीन चुनखडीची. तिच्यात स्फुरद चुन्याशी बांधला जातो, पैसे मोजून टाकलेलं खत मातीतच अडकतं. शेणखत कुजताना निघणारी आम्लं त्यातला थोडा स्फुरद मोकळा ठेवतात. माझ्या मते शेणखताची खरी किंमत इथे आहे: गोणीतलं खत ते पिकाच्या तोंडी पोचवतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हावर दीर्घ मुदतीचा खतप्रयोग चालू आहे. तिथेही शिफारशीच्या रासायनिक खतांना शेणखताची जोड दिलेले वाफे सरस ठरले, नुसता नत्र घातलेले मागे पडले.

पण शेणखत आणायचं कुठून? ट्रॅक्टर आला तसे बैल गेले. सोयाबीन-कपाशीने ज्वारी हटवली, तिच्याबरोबर कडबा गेला. काकूंकडे दोन म्हशी आहेत. त्यांचं खत दरवर्षी एकाच तुकड्याला पुरतं, म्हणून तुकडे पाळीपाळीने धरतात. उरलेल्या रानाला बेवडावर, म्हणजे आधीच्या पिकाने मागे ठेवलेल्या कसावर, भागवायचं. सोयाबीनचा पाला गळून जमिनीत जातो, मागचा हरभरा त्यावर तरारतो. मात्र हीच जोडी सालोसाल चालवली की मानकूज रोगाची बुरशी मातीत मुरते.

म्हणून यंदा एक तुकडा रब्बी ज्वारीला ठेवायचा, असं काकूंचं ठरलंय. मुलगा म्हणतो, हरभऱ्याचे पैसे जास्त होतील. काकू म्हशींच्या वैरणीचा हिशेब सांगतात. वाद अजून मिटलेला नाही. दसऱ्यापर्यंत वेळ आहे.