आजीचं पातळ लांब का झालं?

सत्तरीनंतर माझ्या आजीला नेहमीचं पातळ लांब व्हायला लागलं. निऱ्या जमिनीवर लोळायच्या, म्हणून ती कमरेशी जास्त खोचून घ्यायची. पातळ तेच होतं, मणके दबून आजीच बुटकी झाली होती. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. मणक्यात काय घडत होतं, ते मला फार उशिरा कळलं.

हाड एकदा वाढलं की तसंच राहतं, असं आपण धरून चालतो. पण प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. पोपडे आलेली भिंत आधी खरवडून मग तिला गिलावा करतात, तसंच हाडात जागोजागी चाललेलं असतं.

खरवडणारी पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. ही मोठी पेशी हाडाला चिकटते, कडा घट्ट बंद करते आणि आतल्या जागेत आम्ल सोडते. त्यात क्षार विरघळतात आणि उघडे पडलेले कोलाजेनचे धागे कॅथेप्सिन के हे विकर तोडून टाकतं. दोन-तीन आठवड्यांत खळगा तयार होतो. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी येतात, कोलाजेनचा थर अंथरतात आणि त्यात हळूहळू क्षार बसतात. तोच खळगा भरायला त्यांना तीन-चार महिने लागतात. म्हणजे उकरणं झटपट आणि भरणं सावकाश. एकाच वेळी जास्त ठिकाणी उकरायला सुरुवात झाली की भरणाऱ्या मागे पडणारच.

काही ऑस्टिओब्लास्ट स्वतः घातलेल्या थरातच गाडल्या जातात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात, आणि हाडातल्या दहापैकी नऊ पेशी याच असतात. हाडावर किती भार पडतो हे त्यांना जाणवतं. भार पडला की भरणाऱ्यांना अडवणारं स्क्लेरोस्टिन त्या कमी सोडतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं विरळ होतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

उकरणाऱ्या पेशी तयार होतात त्या ‘रँकल’ या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. त्याला इस्ट्रोजेनचा लगाम असतो. पाळी गेली की लगाम सुटतो, खळगे वाढतात, खोल होतात आणि पूर्ण भरत नाहीत.

मणका आतून भरीव नसतो, तिथे बारीक तुळयांची जाळी असते. तुळई नुसती पातळ झाली तर तिच्यावर पुन्हा थर चढू शकतो. पण खळगा आरपार गेला आणि तुळई तुटली, तर थर चढवायला आधारच उरत नाही. तुटलेली तुळई सहसा पुन्हा जुळत नाही. म्हणूनच ‘दुखायला लागलं की बघू’ हे मला पटत नाही. हाड विरळ होताना दुखत नाही, आणि मणका दबला तरी कित्येकदा कळत नाही. चाळिशीच्या मानाने उंची दीड इंच घटली असेल, तर हाडांची घनता मोजणाऱ्या ‘डेक्सा’ तपासणीचं डॉक्टरांना जरूर विचारावं. त्यात टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस धरतात.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, पण तो गिलाव्याचा माल झाला. खरवडणंच आवरत नसेल, तर नुसता माल पुरत नाही. बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं उकरणाऱ्या पेशींना निकामी करतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं असतं, ते रँकललाच धरून ठेवतं. बरं वाटतंय म्हणून ते परस्पर बंद करू नये. थोपलेलं उकरणं मग एकदम उसळतं, आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात.